कुलगुरूपदाचा अर्ज आणि झाडीपट्टीचा ऑर्गन

(वाचकाचे पत्र संक्षेपाने दिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

‘मी ५८ वर्षांचा असून नागपुरात एका पदव्युत्तर विज्ञान विभागात प्राध्यापक आहे. प्राध्यापकपदावर बारा वर्षे झाली. विभागप्रमुख होतो, नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, स्वयंमूल्यमापन अहवालाचे काम केले, परीक्षांच्या कामातही सहभाग राहिला. एका अकृषी विद्यापीठाच्या कुलगुरूपदासाठी लवकरच जाहिरात निघणार आहे आणि मी अर्ज करावा असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. अडचण निराळीच आहे. माझे गाव भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातले. वडील भजनी मंडळात पेटी वाजवत. त्यांच्या शेजारी बसून मी शिकलो. महाविद्यालयात असल्यापासून झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या मुलखाच्या, नाटकांना साथ करतो, आधी पेटीवर आणि आता ऑर्गनवर. दिवाळीनंतरच्या हंगामात शनिवारच्या रात्री मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाट्यमंडळाबरोबर असतो. मानधन घेत नाही. मालक नेण्याआणण्यासाठी गाडी पाठवतात, एवढेच. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “हे बायोडाटात अजिबात टाकू नका. छंद म्हणून वाचन, योग, प्रवास असे लिहा. समितीतल्या बाहेरच्या लोकांना झाडीपट्टी म्हणजे काय ते कळणार नाही, आणि कळले तर हसतील.” दुसरे म्हणाले, “टाका, पण लोककलेचे संवर्धन म्हणून टाका.” पत्नीचे म्हणणे असे की अर्जच करू नका, ऑर्गन सुटला तर तुम्ही चिडचिडे व्हाल आणि ते मला सोसावे लागेल. हा छंद मी लपवावा का? पद मिळालेच तर तो सोडावा लागेल का? मुळात अर्ज करावा का?’

आदरणीय सर,

तुमच्या प्रश्नांपैकी बायोडाटाचा प्रश्न सर्वांत लहान आहे, पण त्यावरूनच सहकाऱ्यांत दोन तट पडलेले दिसतात, म्हणून आधी तो निकालात काढू.

कुलगुरूपदाच्या अर्जाचे वजन कशावर ठरते हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे प्राध्यापकपदाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्यापाशी आहे. त्यानंतर संशोधन, प्रशासनाचा अनुभव आणि विद्यापीठ कसे चालवाल याविषयीची तुमची मांडणी पाहिली जाते. शोध समिती काही नावे निवडून राज्यपालांकडे, म्हणजे कुलपतींकडे पाठवते आणि त्यांतून एकाची नेमणूक कुलपती करतात. या सगळ्या वाटेवर ‘छंद’ नावाच्या रकान्याला कोठेही गुण नाहीत. तेव्हा ऑर्गनची ओळ लिहिल्याने पद हातचे जाईल ही भीती जितकी अनाठायी, तितकीच ती लिहिल्याने पारडे जड होईल ही आशाही अनाठायी आहे.

तरीही ती ओळ लिहा असेच मी म्हणेन, आणि ‘वाचन, योग, प्रवास’ हा सल्ला मुळीच मानू नका. ही त्रयी इतक्या अर्जांच्या तळाशी असते की ती कोणी वाचत नाही. आणि चुकून एखाद्या सदस्याने वाचून ‘हल्ली काय वाचता?’ असे विचारले, तर ज्या माणसाच्या हिवाळ्यातल्या शनिवारच्या रात्री वडशाच्या बाजूला जातात त्याला तेथे उत्तर शोधत बसावे लागेल. मुलाखतीच्या खोलीत पहिलीच गोष्ट खोटी निघाली की पुढच्या खऱ्या गोष्टींनाही तीच कळा येते.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बोलण्यातली मला खटकलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. तुमचे वडील भजनी मंडळात नसून एखाद्या ख्यालगायकाचे शिष्य असते आणि तुम्ही सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय गायनाला साथ करत असता, तर त्याच सहकाऱ्यांनी ती गोष्ट पहिल्या पानावर टाकायला सांगितली असती. म्हणजे आक्षेप छंदाला नाही, झाडीपट्टीला आहे. नागपुरात हा आढ्यपणा जुना आहे: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माणसे थंडीत रात्रभर बसून जी नाटके पाहतात, ती सीताबर्डीच्या पलीकडे कोणाच्या गणतीत नसतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या शहरातल्या अनेकांना ते कोण हे विचारावे लागले होते. ज्या विद्यापीठाला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, त्याच्या परिसरात गावोगावच्या रात्रींशी नाते असलेल्या प्राध्यापकाने ते लपवून ठेवावे, हे मला विचित्र वाटते. महाराजांनी खंजिरी हाती घेऊन खेडोपाडी जी भजने केली ती काही सभागृहाच्या तारखा आरक्षित करून केली नव्हती.

मात्र दुसऱ्या सहकाऱ्यांचे ‘लोककलेचे संवर्धन’ही नको. तुम्ही संवर्धन करत नाही, ऑर्गन वाजवता. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांचा व्यवसाय तिकिटांवर चालतो, वडशात त्यांची कार्यालये आहेत, मंडई (दिवाळीनंतरच्या गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरणाऱ्या गावांत त्यांना मागणी असते. त्यांना संवर्धक लागत नाही, वेळेवर येणारा साथीदार लागतो. अर्जाच्या शेवटी एवढेच लिहा: ‘झाडीपट्टी रंगभूमीवरील नाटकांना ऑर्गनची साथ, विद्यार्थिदशेपासून.’ विशेषण नको, छायाचित्र नको, कोणाचे प्रशस्तिपत्र तर नकोच. मुलाखतीत कोणी कुतूहलाने विचारले तर दोन वाक्यांत सांगा आणि पुन्हा विद्यापीठाच्या विषयावर या.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्राच्या मूळ प्रतीत ऑर्गनविषयी भरभरून दोन पाने आहेत. वडिलांच्या पेटीचा एक सूर कसा दबत असे, नाटकाची नांदी कोणत्या पट्टीत चांगली उठते, नवीन नटी तालात चुकली तर तिला सावरायचे कसे, हे सारे तुम्ही लिहिले आहे आणि ते वाचताना मला आनंद झाला. कुलगुरूपदाविषयी मात्र पाऊण परिच्छेद आहे, आणि त्यात ‘सहकारी म्हणतात’ हे शब्द तीनदा आले आहेत. तुम्हाला स्वतःला ते पद कशासाठी हवे आहे, याचे उत्तर त्या पत्रात कोठेच नाही. छंद आणि पद यांचे जमेल का, हा प्रश्न तुम्ही मला विचारला. परंतु पदाविषयी तुमच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला अजून विचारलेला दिसत नाही.

हे कठोर वाटेल, पण मुलाखतीच्या खोलीत ते अधिक कठोरपणे विचारले जाईल. मी अनेक वर्षे व्यवस्थापन परिषदेच्या बैठकांना बसलो आहे आणि कुलगुरू या माणसाचा दिवस कसा जातो ते जवळून पाहिले आहे. कायद्याच्या भाषेत तो विद्यापीठाचा मुख्य शैक्षणिक आणि कार्यकारी अधिकारी असतो. प्रत्यक्षात सकाळी दहाला ज्या फायली समोर येतात त्यांत शैक्षणिक म्हणावे असे थोडेच असते: रखडलेले निकाल, उत्तरपत्रिका तपासायला न आलेले परीक्षक, वर्षानुवर्षे रिक्त असलेली शिक्षकांची पदे आणि त्या जागी तासिका तत्त्वावर राबणारी तरुण माणसे, संलग्नतेचे वाद, न्यायालयात पडून असलेली प्रकरणे, नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे बदललेल्या श्रेयांकांचे कोडे आणि दाराबाहेर निवेदन घेऊन उभी असलेली विद्यार्थी संघटना. विद्या परिषदेत प्राध्यापक म्हणून तुम्ही जे बोलत होता ते कुलगुरूच्या खुर्चीतून बोलता येत नाही, कारण तेथे तुमचे प्रत्येक वाक्य आदेश समजले जाते किंवा आश्वासन.

अशा खुर्चीत बसून एखादी तरी गोष्ट करून दाखवायची असेल तर ती आधीपासून डोक्यात असावी लागते. डॉ. स्नेहलता देशमुख बालशल्यचिकित्सक होत्या, शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी केलेल्या कामाचे मोल डॉक्टर मंडळी जाणतात. पण गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या आईचे नाव यावे हा त्यांचा आग्रह घराघरांत पोहोचला. एक साधा बदल, आणि एका ओळीचा. तुमच्यापाशी अशी एक ओळ आहे का? नॅकच्या अहवालाचे काम तुम्ही केले आहे, म्हणजे विद्यापीठाच्या आकड्यांचे आतडे तुम्ही पाहिले आहे. परीक्षांच्या कामात होता, म्हणजे निकाल नेमका कोणत्या टेबलावर अडतो हे तुम्हाला ठाऊक असणार. याविषयी पत्रात फक्त ‘सहभाग राहिला’ एवढेच आहे. या विषयावरही तुम्हाला दोन पाने लिहिता येतात का ते पाहा. एखाद्या रविवारी बसून लिहून पाहा, कोणाला दाखवू नका. दोन पाने झाली तर अर्ज करा. अर्ध्या पानावर हात थांबला तर सहकाऱ्यांना नम्रपणे नकार द्या. त्यांचा आग्रह प्रेमाचा असेल, पण ‘आपला माणूस’ कुलगुरू व्हावा या इच्छेत त्यांचाही काही वाटा असतो, हे तुम्ही जाणताच.

समजा दोन पाने झाली आणि पदही मिळाले. मग ऑर्गनचे काय?

येथे काही मागची माणसे आठवतात. पां. वा. काणे यांचा व्यवसाय वकिलीचा होता आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे प्रचंड काम त्या व्यवसायाच्या बाजूने चालले. त्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० मध्ये आला, शेवटचा १९६२ मध्ये, आणि पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. १९४७ ते १९४९ ही वर्षे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. तिसरा खंड १९४६ चा, चौथा १९५३ चा. कुलगुरूपदाचा काळ बरोबर या दोहोंच्या मध्ये पडतो. त्या सात वर्षांतला विलंब कुलगुरूपदामुळे झाला असे म्हणण्याचा माझा हेतू नाही, कारण एवढ्या कामाला विलंबाची कारणे शंभर असतात. मला त्यात इतकेच दिसते की पद आले, गेले, आणि टेबलावरचे काम जेथे होते तेथून पुढे चालू झाले.

आपल्या नागपूरचेच वि. भि. कोल्ते पाहा. मराठीचे प्राध्यापक, महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक. त्या पंथाच्या सांकेतिक लिपींतल्या पोथ्या वाचत बसणारा माणूस. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्याच काळात, १९६७ मध्ये, भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. लीळाचरित्राची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती आली ती १९७८ मध्ये, म्हणजे पद सोडून काही वर्षे झाल्यावर. सर हरिसिंह गौर यांची तऱ्हा याहून निराळी. दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू, बॅरिस्टर, कायद्याच्या ग्रंथांचे लेखक, तरुणपणी कविता केलेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यभराची कमाई १९४६ मध्ये सागरला विद्यापीठ उभारण्यात घातली. त्यांच्या बाबतीत विद्यापीठ हाच छंद झाला होता असे म्हणावे लागेल, आणि तसा छंद सर्वांच्या खिशाला परवडत नाही.

परदेशातले एक उदाहरणही तुमच्या कामाचे आहे. अमेरिकेत विद्यापीठाच्या प्रमुखाला प्रेसिडेंट म्हणतात. ए. बार्टलेट जियामॅटी १९७८ मध्ये येल विद्यापीठाचे प्रेसिडेंट झाले. विषय युरोपीय प्रबोधनकाळाचे साहित्य, आणि वेड बेसबॉलचे. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाचे ते निस्सीम चाहते. हे वेड त्यांनी कधी लपवले नाही आणि त्याचा कोणाला रागही आला नाही. प्रेसिडेंट म्हणून त्यांची खरी कसोटी लागली ती १९८४ मध्ये, विद्यापीठातल्या लिपिक आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा. तो संप कित्येक आठवडे चालला, आणि त्या दिवसांत त्यांच्याविषयी जी मते बनली त्यांत बेसबॉलचा काही संबंध नव्हता. १९८६ मध्ये त्यांनी येल सोडले आणि ते बेसबॉलच्या नॅशनल लीगचे अध्यक्ष झाले. १९८९ च्या एप्रिलमध्ये साऱ्या व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्त. त्याच वर्षी १ सप्टेंबरला, वयाच्या ५१ व्या वर्षी, हृदयविकाराने गेले. आठ वर्षे विद्यापीठ चालवणाऱ्या माणसाला छंदाच्या प्रांतात जेमतेम तीन वर्षे मिळाली, आणि त्यांतले शेवटचे महिने एका मोठ्या खेळाडूच्या जुगाराच्या प्रकरणात गेले. छंदाचेच पद झाले की त्यालाही फायली फुटतात.

यातून तुमच्यासाठी काय घ्यायचे? पहिली गोष्ट वयाची. कुलगुरूपदाची मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत, यांतले जे आधी येईल ते. तुम्ही आज ५८ चे. नेमणूक होईपर्यंत ५९ धरू. म्हणजे उतराल तेव्हा ६४ चे असाल आणि प्राध्यापकाच्या निवृत्तीचे वय केव्हाच उलटलेले असेल. परत विभागात जाऊन प्रयोगशाळेचे कुलूप उघडण्याची सोय तुम्हाला राहणार नाही. चाळिशीत कुलगुरू होणाऱ्याला पुढे कारकीर्द असते. तुम्हाला पुढे असेल तो ऑर्गन. त्यामुळे तो मोडू देऊ नका, हा माझा सल्ला भावनेपोटी आलेला नाही.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची, आणि ती कटू आहे. झाडीपट्टीचा हंगाम भाऊबीजेच्या मंडईपासून सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. विद्यापीठाचा हिवाळाही नेमका तोच. हिवाळी परीक्षा, त्यांचे निकाल, डिसेंबरात नागपुरात भरणारे विधिमंडळाचे अधिवेशन आणि त्यात विद्यापीठावर येणारे तारांकित प्रश्न व लक्षवेधी, मग दीक्षान्त समारंभाची तयारी, मग अर्थसंकल्पासाठी अधिसभा. ज्या रात्री वडशाच्या बाजूला शामियान्यात तिसऱ्या अंकाचे पद चालू असेल, त्याच रात्री मंत्रालयातून माहिती मागवणारा निरोप येईल आणि सकाळी नऊला उत्तर हवे असेल. शिवाय रात्री दहा-अकराला उघडणारा पडदा पहाटे पडतो. त्यानंतरचा दिवस माणसाचा राहत नाही. प्रत्येक शनिवार तुम्हाला मिळणार नाही हे आजच मान्य करा. हंगामात दोन रात्री, फार तर तीन, तेवढ्यावर समाधान मानण्याची तयारी असेल तर वहिनींची भीतीही निम्मी कमी होईल. बाकीच्या दिवसांसाठी घरी वडिलांची पेटी आहे असे तुम्ही लिहिलेच आहे. सकाळी अर्धा तास, दूरध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवून.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तुम्ही ती पत्रात ‘एवढेच’ या शब्दाने उरकली आहे: मालकांची गाडी. प्राध्यापकासाठी ती स्नेहाची गोष्ट होती. कुलगुरूसाठी ती नाही. नाट्यमंडळाचा मालक आज तुमच्याकडून काही मागत नसेल, परंतु त्याच्या भाच्याचे महाविद्यालय असेल, मेहुण्याची संलग्नता अडली असेल, कोणाचा तरी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज असेल. त्याने कधीच तोंड उघडले नाही तरी गाडीतून उतरताना पाहणारी माणसे आपापला हिशेब मांडतील. तेव्हा गाडी पहिल्या दिवसापासून बंद. विद्यापीठाची गाडी तर वडशाच्या दिशेला वळताही कामा नये. स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या पेट्रोलने, रजा टाकून जा. आणि जाहिरातीच्या फलकावर तुमचे नाव पदासह छापले जाणार नाही, हे मालकांकडून आधी कबूल करून घ्या. ‘ऑर्गनवर कुलगुरू’ असा फलक लागला की तिकिटे थोडी अधिक खपतील, पण ती तुमच्या पदाच्या नावावर खपलेली असतील.

याच नियमाची दुसरी बाजू विद्यापीठाच्या आतली आहे. तुम्ही वाजवता हे कळले की प्रत्येक महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात व्यासपीठावर एक ऑर्गन हजर असेल आणि सूत्रसंचालक आग्रह करील. नकार द्या, सरसकट द्या. एकदा वाजवलेत की न वाजवलेल्या महाविद्यालयाला तो अपमान वाटेल. युवक महोत्सवात परीक्षकांच्या शेजारी बसून टाळी द्यायलाही जपून. तुमच्या मानेच्या डुलण्यावरून पारितोषिके ठरली असे कोणी म्हणायला नको. (गाणारे कुलगुरू मी पाहिले आहेत. त्यांच्या गाण्याला ‘वाहवा’ न म्हणणारा एकही विभागप्रमुख मी पाहिलेला नाही.)

आणि एक मोह तुम्हाला नक्की होणार आहे: झाडीपट्टी अध्यासन. दंडार आणि खडी गंमत या लोककला, झाडीपट्टीच्या नाटकांच्या हस्तलिखित संहिता, जुन्या नटांच्या मुलाखती, यांचा अभ्यास विद्यापीठात व्हायलाच हवा याविषयी माझ्या मनात शंका नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये वेगळे झाल्यावरही भंडारा आणि गोंदिया नागपूरकडेच राहिले, त्यामुळे हा मुलूख नागपूर विद्यापीठाच्याही अंगणात आहे. पण जेथे कुलगुरू व्हाल तेथे असे अध्यासन तुम्ही सुचवू नका. मराठी विभागाने किंवा ललित कला विभागाने प्रस्ताव आणला तर तो अभ्यास मंडळापासून रीतसर वर येऊ द्या, आणि ज्या बैठकीत तुमच्या मंडळातल्या एखाद्या कलावंताच्या नेमणुकीचा किंवा मानधनाचा विषय असेल त्या बैठकीत प्र-कुलगुरूंना अध्यक्षस्थानी बसवून तुम्ही बाहेर थांबा. तसे केले नाही तर चांगले काम केवळ तुमच्या आवडीचे म्हणून बदनाम होईल आणि तुमच्यानंतर येणारे कुलगुरू पहिल्याच वर्षी त्याचा निधी थांबवतील. आपल्याकडे आधीच्या कुलगुरूंच्या आवडीची केंद्रे कशी कुलूपबंद होतात ते तुम्ही पाहिलेच आहे.

वहिनींच्या म्हणण्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्या तुम्हाला माझ्याहून अधिक ओळखतात. मात्र ‘तुम्ही चिडचिडे व्हाल’ हा त्यांचा अंदाज हलक्याने घेऊ नका. कुलगुरूची चिडचिड घरी पोहोचण्यापूर्वी कुलसचिवांच्या आणि शिपायांच्या वाट्याला येते. वर सांगितलेल्या हंगामातल्या दोन-तीन रात्री आणि सकाळचा अर्धा तास यांचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा आणि त्यांना तो पुरेसा वाटतो का ते विचारा. त्या नाही म्हणाल्या तर तो आक्षेप ऑर्गनपुरता आहे की पाच वर्षे घरात सतत माणसांचा राबता असण्याला आहे, हेही विचारा. बरेचदा दुसरेच कारण खरे असते आणि पहिले बोलायला सोपे म्हणून पुढे केले जाते.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दिवाळीच्या आधी मंडळांच्या तारखा ठरतात आणि साथीदारांची जुळणी होते. अर्ज करायचे ठरले तर निवडीची वाट न पाहता मालकांना आत्ताच सांगा की येत्या हंगामात दर शनिवारी तुमच्यावर विसंबू नये. कारण सांगायची गरज नाही. मंडळात ऑर्गनवर हात बसलेला एखादा तरुण असेलच. नसेल तर एखादा होतकरू शोधून दसऱ्यापर्यंतच्या रविवारी त्याला पदे बसवून द्या, विशेषतः तुम्ही पत्रात लिहिलेली ती नांदी, जिची पट्टी नवीन माणसाला पहिल्या रात्री सापडत नाही.